फ्लॅटचं काम काढायचंय – कॉन्ट्रॅक्टर निवडताना तुम्ही नेमकं काय बघता?

ओलंछत | १४ जानेवारी, रात्री ९:४०

तिळगुळ घ्या, आणि जमलं तर सल्लाही द्या.

सिंहगड रोडला आई-बाबांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. १९९६ची इमारत, दुसरा मजला. आजवर रंग सोडून कशालाच हात लावलेला नाही. दिवाळीनंतर खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली. काकू भांडखोर नाहीत, हीच पंचाईत आहे. जिन्यात भेटल्या की "काही घाई नाही गं" म्हणतात आणि मग पूर्ण मजला चढेपर्यंत मला अपराधी वाटत राहतं. तर दोन्ही बाथरूम फोडायची आहेतच, त्याबरोबर किचनचा ओटा, जुनं वायरिंग आणि हॉलची फरशी एकदाच उरकून घ्यावी असं ठरतंय.

तीन जण बघून गेले. पहिल्याने सव्वाचार लाख सांगितले, वहीच्या पानावर पाच ओळी लिहून. दुसऱ्याने पावणेसात लाख, अकरा पानी पीडीएफ, त्यातल्या पहिल्या पानावर कुणाच्यातरी समुद्रकाठच्या बंगल्यातल्या किचनचा फोटो. तिसऱ्याने टेप खिशातून काढलीच नाही. हॉलच्या मधोमध उभा राहिला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "साडेपाचात बसवून देतो ताई." बाबांना तिसरा आवडलाय, कारण त्याने चप्पल दाराबाहेर काढली.

मी बंगळुरूला असते. महिन्यातून एखादी चक्कर होईल, बाकी बाबा (वय ७१) आणि व्हॉट्सॲप. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा, भरवशाचा माणूस ओळखता कसा?

गुळपोळी | १४ जानेवारी, रात्री ९:४८

रुमाल टाकून ठेवते. आमचंही मे महिन्यात काढायचंय.

चहाटळ | १४ जानेवारी, रात्री ९:५५

चप्पल काढली यात नवल ते काय? काम संपेपर्यंत तुम्हाला अनवाणी करायचंय, सुरुवात त्याने स्वतःपासून केली.

मोजपट्टी | १४ जानेवारी, रात्री ११:१०

सिव्हिलमध्ये बावीस वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची तीन कोटेशनं एकाच कामाची नाहीतच, मग त्यांची तुलना कशी करणार? पहिल्याच्या पाच ओळींत 'बाथरूम वॉटरप्रूफिंगसहित' असं लिहिलेलं असेल. म्हणजे काय? जुना भराव स्लॅबपर्यंत काढणार, की वरच्या टाइल्स उचकटून तिथेच द्रावण फासणार? दोन्हीला बाजारात शब्द तोच आहे. त्या काळच्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बहुतेक वेळा खाली सोडलेला असतो, त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला. नहाणी ट्रॅपच्या (पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्यातून पाणी झिरपायला लागलं की ते या भरावात साठतं आणि सावकाश खाली उतरतं. वरून कितीही डबे ओता, आतला भराव ओलाच राहणार.

त्यामुळे आधी माणूस शोधू नका, आधी यादी करा. कामं तुम्ही लिहायची, दर त्याने भरायचे. तिघांना तीच यादी. नमुन्याला एक ओळ देतो:

'मोठं बाथरूम – भिंत व जमिनीच्या टाइल्स आणि जुना भराव स्लॅबपर्यंत काढणे, राडारोडा खाली उतरवून नेण्यासह. स्लॅब साफ करून कोपऱ्यांना गोलाई देणे. कोटिंग दोन हात, भिंतीवर एक फूट, शॉवरच्या बाजूला पूर्ण उंची. विटांचा कोबा, ढाळ नहाणीकडे. पाणी भरून ४८ तास ठेवणे. खालच्या मजल्यावर ओल न दिसल्यास मगच टाइल्स.'

आता मागा भाव. सव्वाचारवाला एकतर वर चढेल नाहीतर फोन उचलणार नाही. दोन्हींत तुमचाच फायदा.

वायरिंगचंही तेच. 'चांगल्या कंपनीची वायर' हे काही माप नाही. दिव्या-पंख्यांना दीड, पॉवर पॉइंटला अडीच, गीझर आणि एसीला चार चौरस मिलीमीटर, असं लिहून घ्या. आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच). एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) वायर वाचवते, माणूस वाचवते ती आरसीसीबी. तीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगमध्ये ती क्वचितच सापडते.

निवांत_नाशिक | १५ जानेवारी, सकाळी ७:२०

मोजपट्टी, हे दोन वर्षांपूर्वी का नाही लिहिलंत हो!

आम्ही सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याला काम दिलं. गोड बोलणारा. 'मटेरियल एकदम उचललं की रेट चांगला पडतो' म्हणून पहिल्याच दिवशी साठ टक्के घेतले. चार दिवस तोडफोड जोरात झाली. तोडायला फार काही लागत नाही, हे तेव्हा कळलं. पाचव्या दिवसापासून साहेब 'वाटेवर'. सकाळी फोन केला तरी वाटेवर, रात्री केला तरी वाटेवर. सत्तेचाळीस दिवस आम्ही बाल्कनीत स्टोव्ह मांडून स्वयंपाक केला. सासूबाईंनी तिथेच श्रावणातले दोन सोमवार सोडले.

नंतर उलगडा झाला. आमच्या पैशातून त्याने आधीच्या साईटची देणी भागवली होती. आमचं काम पुढच्या गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्समधून व्हायचं होतं, आणि ते पुढचं गिऱ्हाईक काही मिळेना. म्हणजे बुडवायचा हेतू नव्हता बिचाऱ्याचा, पण टोपी फिरवताना आमच्या डोक्यावर आली तेव्हाच खेळ थांबला.

त्याच्या सुताराचा रंधा अजून आमच्या माळ्यावर आहे. कुणाला हवा असल्यास सांगा.

चहाटळ | १५ जानेवारी, सकाळी ७:३१

रंधा ठेवा. साठ टक्क्यांत आलेली एकमेव वस्तू आहे ती.

सॅनहोजेकर | १५ जानेवारी, सकाळी ८:०५

इकडचा अनुभव सांगतो, 'तुमच्याकडे काय बाबा' म्हणून लगेच अंगावर येऊ नका.

कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या करारात कॉन्ट्रॅक्टर सुरुवातीला दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढंच घेऊ शकतो. कायदाच आहे तसा. लायसन्स नंबर राज्याच्या बोर्डाच्या वेबसाइटवर टाकला की तो चालू आहे की निलंबित, कारवाई झाली आहे का, सगळं दिसतं. याचा अर्थ सगळं गोडीगुलाबीत होतं असा नाही. आमच्या शेजाऱ्यांनी कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले, त्याने प्लंबरला दिले नाहीत, आणि प्लंबरने थेट घरावर बोजा नोंदवायची नोटीस धाडली. इथे तसा हक्क असतो त्यांना. आता मी प्रत्येक हप्त्याला 'माझे पैसे मिळाले' असं लेखी घेतो, कॉन्ट्रॅक्टरकडून आणि त्याच्या हाताखालच्यांकडूनही.

दहा टक्क्यांचा नियम मात्र पुण्यात आपणहून पाळायला कुणाची हरकत नसावी.

साईटवरून | १५ जानेवारी, दुपारी १:५०

हरकत माझी आहे. मी कॉन्ट्रॅक्टर आहे, पिंपरी-चिंचवड भागात कामं करतो. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

दहा टक्क्यांत मी काम चालू करू शकत नाही. पहिल्या आठवड्यात मला तोडणाऱ्या बिगाऱ्यांची हजेरी रोज संध्याकाळी रोख द्यावी लागते. राडारोड्याचा टेम्पो रोख. सिमेंट-वाळू उधार मिळते, पण ती नियमित गिऱ्हाइकाला. सोसायटीचं डिपॉझिट कुणी भरायचं यावर दोन दिवस वाद. माझ्या खिशातून किती घालू?

दुसरं, शेवटचे दहा टक्के. निवांत_नाशिक यांना वाईट अनुभव आला, मान्य. आता माझा ऐका. काम पूर्ण झालं, वास्तुशांत झाली, मी जेवूनही आलो. शेवटचे पंचेचाळीस हजार राहिले होते. 'एक स्विच जरा वाकडा वाटतो', 'कपाटाचं दार आवाज करतं', 'मुलगा अमेरिकेतून आला की बघून सांगेल.' आठ महिने. मुलगा येऊन गेला, त्यालाही स्विच वाकडा वाटला. ते पैसे मी सोडले. तेव्हापासून शेवटचा हप्ता मिळणार नाही असं धरूनच मी भाव लावतो. म्हणजे त्या एका गिऱ्हाइकाचा वाकडा स्विच पुढची दहा गिऱ्हाइकं भरतात.

आणि कामाच्या मध्ये होणारे बदल! टाइल लावून झाल्यावर 'आरसा इकडे नको, तिकडे हवा'. दोन पॉइंट हलले, भिंत फुटली, दोन टाइल्स गेल्या, त्या शेडचा माल संपला. वर 'एवढंसं तर काम आहे, त्याचे काय पैसे?'

ओलंछत | १५ जानेवारी, दुपारी ४:१५

साईटवरून, बरं झालं लिहिलंत. ही बाजू कुणी सांगतच नाही. मग तुमच्या मते पैशाचं कसं ठरवावं?

साईटवरून | १५ जानेवारी, रात्री ८:३०

हप्ता तारखेला बांधू नका, नुसत्या टक्क्यालाही बांधू नका. झालेल्या कामाला बांधा. मी स्वतः असं घेतो: सुरुवातीला पंधरा टक्के. तोडफोड होऊन नळाच्या आणि लाइटच्या पट्ट्या भिंतीत बसल्या की वीस. वॉटरप्रूफिंग पाण्याच्या परीक्षेत पास झालं की वीस. टाइल्स आणि ओटा झाला की पंचवीस. रंग झाला की पंधरा. राहिलेले पाच, एक महिना वापरून झाल्यावर. पण त्या पाचाची तारीख लिहायची, आणि काय राहिलंय त्याची यादी गिऱ्हाइकाने एकदाच द्यायची. रोज एक नवीन नाही.

आणि एक वही. कामाच्या बाहेरचं जे काही सांगाल ते वहीत, रक्कम लिहून, दोघांची सही. मगच हात लावायचा. सोपी गोष्ट आहे, पण लोकांना वही काढली की अपमान वाटतो.

मोजपट्टी | १५ जानेवारी, रात्री ९:०२

वहीला +१. पाच टक्के मात्र कमी आहेत. बाथरूमचं खरं काय ते एका पावसाळ्यानंतर कळतं. मी दहा टक्के सांगेन.

साईटवरून | १५ जानेवारी, रात्री ९:१०

साहेब, बाथरूममध्ये पाऊस पडत नाही. रोज पाणी पडतं. महिना पुष्कळ झाला. गच्चीचं काम असतं तर तुमचं मान्य केलं असतं.

मोजपट्टी | १५ जानेवारी, रात्री ९:१४

:) घेतला शब्द मागे. बाहेरच्या भिंतीला लागून बाथरूम असेल तर मात्र परत पुढे घेईन.

कढीपत्ता | १६ जानेवारी, सकाळी १०:४०

प्लायबद्दल कुणीच बोललं नाही अजून, म्हणून आमची गंमत सांगते.

किचनच्या ट्रॉल्यांसाठी कोटेशनमध्ये 'वॉटरप्रूफ प्लाय' होतं. माल आला. वरच्या शीटवर शिक्का वगैरे झकास. खालच्या शीट कोऱ्या. नवऱ्याने सुताराकडून वीतभर तुकडा मागून घेतला आणि पातेल्यात उकळायला ठेवला. माझ्या आईच्या डाळीच्या पातेल्यात. आई देवपूजा आटोपून आली, झाकण उघडलं आणि विचारलं, "हे कसलं सांबार?"

दीड तासात तुकड्याचे पापुद्रे सुटले. पत्त्याच्या कॅटसारखे पसरले पाण्यात. कॉन्ट्रॅक्टरला बोलावून पातेलं तसंच दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, प्लाय कोण उकळतं?" नवरा म्हणाला, "आयएसआयवाले."

शीट बदलून मिळाल्या. पातेलं मात्र बाद. त्याला अजून फेनॉलचा वास येतो.

मोजपट्टी | १६ जानेवारी, सकाळी ११:२५

कढीपत्ता, सांबार भारी!

तुमच्या मिस्टरांचं बरोबर होतं, फक्त शब्द नीट कळायला हवेत. आयएस ३०३मध्ये, म्हणजे प्लायच्या भारतीय मानकात, दोन प्रकार येतात. एमआर म्हणजे फक्त दमट हवा सोसणारा, तो उकळल्यावर सुटला तर ती फसवणूक नाही. बीडब्ल्यूआर उकळत्या पाण्याला टिकतो. आणि आयएस ७१० म्हणजे मरीन, त्याची उकळण्याची परीक्षाच ७२ तासांची असते. 'वॉटरप्रूफ' हा शब्द दुकानदाराचा आहे. कोटेशनमध्ये आयएस नंबर लिहून घ्या आणि प्रत्येक शीटवरचा शिक्का बघा, वरच्या एकाच शीटवरचा नको. सिंकखाली बीडब्ल्यूआर किंवा मरीन, बेडरूमच्या कपाटाला एमआर चालतो. घरभर मरीन लावा असं सांगणाराही तुमचा मित्र नव्हे.

चिरेबंदी | १६ जानेवारी, दुपारी १२:१०

आम्हा रत्नागिरीकरांना हे वाचून हेवा वाटला. तुम्हाला तीन कॉन्ट्रॅक्टर बघायला तरी येतात! आमच्याकडे वाडीतला एकच गवंडी. कोटेशन मागितलं तर म्हणतो, "बघू, होऊन जाईल." शिमगा आला की आठ दिवस पालखीबरोबर, आंब्याचा हंगाम आला की बागेत. मृगाच्या आधी कौलं चढली नाहीत तर पुढचं सगळं दिवाळीनंतर. गेल्या वर्षी पडवीची फरशी अर्धी टाकून गेला तो गणपतीलाच उगवला, आणि तोही आरतीला.

पण एक सांगतो, त्याने वीस वर्षांपूर्वी ओळंबा लावून बांधलेली चिऱ्याची भिंत आजही सरळ आहे. यायला उशीर करतो, आल्यावर खोटं काम करत नाही. यातलं एकच मिळणार असेल तर मी दुसरं घेईन.

गुळपोळी | १६ जानेवारी, दुपारी १२:३०

शिमग्यावरून आठवलं. आमचे सुतार राजस्थानचे, ते होळीला गेले. पीओपीवाले बंगालचे, ते पूजेला. रंगारी बिहारचे, छठला. आणि मुकादम आपला सांगलीचा, तो यात्रेला. कॉन्ट्रॅक्टर निवडताना कालनिर्णय समोर ठेवा, एवढाच माझा सल्ला.

दोन_बाय_चार | १६ जानेवारी, रात्री १०:०५

मापाबद्दल एक बारीक गोष्ट. माझी सव्वासात हजारांची आहे, म्हणून लक्षात राहिली.

हॉलला 'दोन बाय चार'च्या टाइल्स घेतल्या. एका बॉक्समध्ये दोन. कॉन्ट्रॅक्टरचा हिशोब असा की दोन चोक आठ, दोन टाइल्स म्हणजे सोळा चौरस फूट, इतके बॉक्स गुणिले सोळा, त्यावर मजुरी. पण ती टाइल असते ६०० बाय १२०० मिलीमीटर. बॉक्स भरतो साडेपंधरा चौरस फुटांचा. शिवाय तुटफुटीसाठी दहा टक्के जास्तीचे बॉक्स आणलेले, त्यांचीही मजुरी लावली होती. न लावलेल्या टाइल्सची लावणावळ! मी टेप काढून हॉल मोजला तेव्हा जरा गोरामोरा झाला, पण लगेच म्हणाला, "साहेब, तुम्ही इंजिनिअर का?" मी बँकेत आहे.

मोजपट्टी | १६ जानेवारी, रात्री १०:२०

बरोबर. मजुरी जागेवर लावलेल्या मापावर, बॉक्सवर नाही. आणि गिलावा-रंगाला दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही यावर हमखास भांडण होतं, म्हणून सांगतो. आयएस १२००प्रमाणे गिलाव्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भगदाड वजा करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा करतात, कारण चौकटीलगतच्या कडांना मेहनत जाते. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरने खिडकी पूर्ण वजा केली नाही तर लगेच चोर ठरवू नका. काय पद्धत ते आधी ठरवा म्हणजे झालं.

पिंपळपान | १७ जानेवारी, सकाळी ९:१५

हे सगळं वाचून धडकी भरली. त्यापेक्षा इंटिरिअर डिझायनरला सगळं देऊन मोकळं व्हावं ना? किंवा ती ॲपवाली मंडळी, ४५ दिवसांत घर हातात देतात?

वकिलीण_बाई | १७ जानेवारी, सकाळी ११:००

पिंपळपान, द्या, पण शब्दांना भुलू नका. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. 'इंटिरिअर डिझायनर' ही पाटी कुणीही लावू शकतो. उत्तम डिझायनर असतातच, पण नोंदणी क्रमांक बघून निवडता येतील असं ते क्षेत्र नाही. ॲपवाल्यांच्या ४५ दिवसांची मोजणी कुठल्या दिवसापासून सुरू होते ते करारात वाचा. माझ्या एका अशिलाच्या करारात ती 'अंतिम डिझाइन मंजूर झाल्यापासून' होती आणि अंतिम डिझाइन तीन महिने अंतिम होईना.

फसलात तर काय, तेही सांगते. घरदुरुस्तीचा ठेका ही ग्राहक कायद्याखाली सेवा धरली जाते. २०१९च्या कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असंही नाही (माझ्या पोटावर पाय!). पण समोर ठेवायला काहीतरी हवं. लोक येतात आणि सांगतात, 'मॅडम, सगळं तोंडी होतं, पैसे रोख दिले.' मग मी चहा पाजते आणि घरी पाठवते. बँकेतून पैसे, सही केलेली कामांची यादी, तारखेसकट फोटो, एवढं तरी ठेवा. बिलाशिवाय काम केलं की जीएसटी वाचतो असं वाटतं, पण भांडायची वेळ आली की ते बिलच शोधतो आपण.

आणि ज्यांचा फ्लॅट नवा आहे त्यांच्यासाठी: ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर बांधकामातला दोष रेरा कायद्याच्या कलम १४प्रमाणे बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. गळती दिसली की आधी त्याला लेखी कळवा. स्वतः फोडाफोडी केलीत की तो म्हणणार, 'तुम्हीच हात लावलात.' धागाकर्तीला १९९६च्या इमारतीत याचा उपयोग नाही, हे ओघात आलं.

चहाटळ | १७ जानेवारी, सकाळी ११:०८

चहा पाजता ना? पत्ता द्या.

निवांत_नाशिक | १७ जानेवारी, दुपारी २:४०

पिंपळपान, मटेरियल स्वतः घ्यावं की कॉन्ट्रॅक्टरकडून, हाही प्रश्न आहेच. आम्ही दुसऱ्यांदा 'लेबर'वर काम दिलं आणि माल स्वतः आणला. पैसे वाचले, पण नवऱ्याची सगळी रजा गेली. सकाळी नऊला प्लंबर फोन करणार, "दादा, पाऊण इंचाचे चार एल्बो कमी पडले." एल्बो येईपर्यंत तो पायरीवर बसून. त्याची हजेरी चालूच.

साईटवरून | १७ जानेवारी, रात्री ८:५५

मधला मार्ग आहे. दिसणारा माल, म्हणजे टाइल्स, नळ, स्विच, रंग, लॅमिनेट, तुम्ही घ्या. न दिसणारा, म्हणजे सिमेंट, वाळू, पाइप, फिटिंग, केमिकल, कॉन्ट्रॅक्टरला आणू द्या, पण कंपनी आणि ग्रेड लिहून. न दिसणारं तुम्ही आणलं आणि उद्या गळलं तर मी म्हणणार तुमचा पाइप खराब, तुम्ही म्हणणार माझा सांधा खराब. जबाबदारी एकाकडेच राहू द्या.

कमिशनचं विचारणार असाल तर हो, टाइल्सच्या दुकानात मिळतं. तुम्ही एकटे गेलात तर भाव कमी होईलच असं नाही, दुकानदारच ठेवून घेतो.

कढीपत्ता | १८ जानेवारी, सकाळी ९:३०

साईटवरून, या प्रामाणिकपणाला सलाम. ओलंछत, हे पिंपरीवालेच बघा की!

साईटवरून | १८ जानेवारी, दुपारी १:४५

सिंहगड रोड मला लांब पडतो ताई. रोज साईटवर जाणं होणार नाही, आणि जो रोज येणार नाही त्याला काम देऊ नका. खरं सांगायचं तर मला कोण निवडतं त्यावरून मला गिऱ्हाईक कळतं. जो माझ्या झालेल्या कामावर जाऊन येतो तो शहाणा. नवीन काम नको बघायला, ते सगळ्यांचं चकचकीत असतं. तीन-चार वर्षांपूर्वीचं बघा. बाथरूमच्या दाराची चौकट खालून फुगली आहे का, नहाणीजवळ पाणी थबकतं का. घरमालकाला एकच विचारा, 'काम झाल्यावर बोलावलं तर आला का?'

ओलंछत | ९ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मंडळी, अपडेट.

मोजपट्टींच्या धर्तीवर यादी केली, चार पानं झाली. तिघांना पाठवली. सव्वाचारवाला 'बघतो' म्हणाला, तो अजून बघतोय. पीडीएफवाल्यांनी यादी परत त्यांच्याच नमुन्यात घालून सात लाख वीस हजार केले, समुद्रकाठचा बंगला कायम. चप्पलवाला यादी घेऊन घरी आला आणि बाबांसमोर जमिनीवर बसून एकेक ओळ वाचली. दोन ठिकाणी थांबला. म्हणाला, हॉलची फरशी चांगली आहे, पोकळ वाजत नाही, ती कशाला काढताय? नाण्याने ठोकून दाखवलं. आणि छोट्या बाथरूमची बाहेरची भिंत आरसीसी आहे, तिच्यात पाइपसाठी खाच मारणार नाही, बाहेरून घेऊ. फरशी वगळून पाच लाख नव्वद.

त्याचं चार वर्षांपूर्वीचं एक काम धायरीत जाऊन बघितलं. चौकट फुगलेली नव्हती. घरमालकीणबाई म्हणाल्या, "बोलावल्यावर येतो, पण तीनदा बोलावावं लागतं."

मी त्याला सगळं दिलेलं नाही. फक्त मोठं बाथरूम दिलंय, बाकीचं त्यानंतर ठरवू असं सांगून. थोडा खट्टू झाला. वही आणली आहे, पहिल्या पानावर बाबांनी 'श्री' लिहिलंय.

मोजपट्टी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५२

आरसीसीला हात लावणार नाही म्हणाला, तिथेच अर्धं काम झालं. भिंती बंद करायच्या आधी पाइपांचे फोटो काढा, बाजूला टेप धरून. नाहीतर पाच वर्षांनी टॉवेलचा हुक ठोकताना कारंजं उडतं.

ओलंछत | २ मार्च, रात्री ९:२०

शेवटचं (बहुतेक) अपडेट.

भराव काढला तेव्हा खाली चिखल होता. तीस वर्षांचा, काळा, वास सुटलेला. पण मुख्य गळती नहाणीची निघालीच नाही. भिंतीतला जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप एका एल्बोपाशी इतका गंजला होता की बोटाने चिमटी केल्यावर पापुद्रा हातात आला. दोन महिने आम्ही उगाच नहाणीला शिव्या घालत होतो.

कोटिंग, कोबा, सगळं झालं. मग पाणी भरलं. बाबांनी भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारली आणि वेळ लिहिली, १८ फेब्रुवारी, सकाळी ८:१०. दर दोन तासांनी टॉर्च घेऊन बघत होते. रात्री साडेदहाला काकूंचा फोन, "काही घाई नाही, पण ट्रॅपच्या जागी एक थेंब आलाय."

मी तिथे नव्हते. बाबांनी फोन केला तेव्हा चप्पलवाला आधी वैतागला. म्हणाला जुनंच ओलं असेल, सकाळी बघू. सकाळी आठला आला, एकटाच. काकूंकडे स्टुलावर चढून छताला हात लावून बघितलं, वर आला, काही न बोलता पाणी उपसलं आणि नवा कोबा ट्रॅपभोवती दीड फूट स्वतःच्या हाताने फोडला. सांध्याचा गॅस्केट तिरका बसला होता. प्लंबरला बोलावून त्याच्याच समोर बदलून घेतला. त्या चार दिवसांचं काहीही वहीत लिहिलं नाही. बाबा लिहायला लागले तर म्हणाला, "ते माझं आहे, तुमचं नाही."

दुसऱ्या वेळी रेघ ४८ तास हलली नाही. अगदी किंचित खाली गेली, ती उन्हाची वाफ असं बाबांचं मत. काकूंकडे कोरडं. आता टाइल्स लागल्यात, उद्यापासून किचन. उरलेलं सगळं काम त्यालाच दिलं.

मोजपट्टी | २ मार्च, रात्री ९:३५

वाफ होते, बाबांचं बरोबर आहे. रेघ पुसू नका म्हणावं.

ओलंछत | २ मार्च, रात्री ९:४१

टाइलखाली गेली :)

गुळपोळी | २ मार्च, रात्री ९:४४

अभिनंदन! नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर ना त्याचा. आमचं मे महिन्याचं आहे.

पिंपळपान | २ मार्च, रात्री ९:४६

मलाही.

दोन_बाय_चार | २ मार्च, रात्री ९:४९

+१, व्यनि प्लीज.

ओलंछत | २ मार्च, रात्री १०:०२

देते, सगळ्यांना देते. पण माझा ओटा बसल्यावर. आत्ता दिला तर उद्या तो तुमच्याकडे टेप लावत असेल, आणि मला फोनवर ऐकू येईल, "ताई, वाटेवर आहे."